मधली खुर्ची

चाडच्या पूर्व कडेला, वाळूत रोवलेल्या तंबूत
प्लास्टिकच्या तीन खुर्च्या.
एकीवर मादाम ओडिल, टोगोच्या, अंगात संस्थेचं निळं जाकीट.
एकीवर कलतूमा, सीमेपलीकडून आलेली.
मधल्या खुर्चीवर खातिर, दुभाष्या.
त्याला नियम असा :
'ती म्हणते' म्हणायचं नाही.
'मी' म्हणायचं.

मी दाराशी. साबणाच्या खोक्यांची पावती घेऊन
सहीसाठी ताटकळत.

'मी कोरडी नदी ओलांडून आले,' खातिर म्हणतो.
सहा फूट उंच, दाढीत पांढरे केस.
'पाठीवर मुलगी होती. गाढव मागे राहिलं.'
फ्रेंचमध्ये आलो आणि आले सारखंच ऐकू येतं.
माझ्या मराठी कानांनाच तो सकाळपासून
बाई होतो, म्हातारा होतो,
अकरा वर्षांचं पोर होतो
आणि दुपारी डबा उघडतो तेव्हा
कोण जेवतं, सांगता येत नाही.

जन्मतारीख?
'टोळधाडीच्या वर्षी. बाजरी कापून झाल्यावर.'
यंत्राला टोळ कळत नाहीत.
एक जानेवारी, मादाम टाइप करतात.
या छावणीत एक जानेवारीला इतकी माणसं जन्मली
की उरलेलं वर्षभर सुइणी बसूनच असाव्यात.
(हे मी एकदा हसत सांगितलं.
खातिर हसला नाही. त्याचीही तीच तारीख.)

कुटुंबात किती?
कलतूमा बोटं मोजते.
एका बोटाशी थांबते. दुमडत नाही, सोडत नाही.
'मला माहीत नाही,' खातिर म्हणतो,
'त्याला धरायचं का.'
रकाना रिकामा ठेवला तर पुढचं पान उघडत नाही.
मादाम खिडकीकडे बघतात. खिडकी नाही, कापड आहे.
'धरू या,' म्हणतात, आणि आकडा पाच होतो.

हे लिहून ठेवते, कारण नंतर कुणी विचारणार नाही :
बाई वाईट नव्हती.
रात्री दोनला जनरेटरच्या घरघरीत बसून
जिनिव्हाला तीच यादी तिसऱ्यांदा पाठवायची,
खाली एक ओळ : कृपया कुणाला वगळू नये.

मंगळवारी उलट पत्र आलं.
देणाऱ्या देशांनी हात आखडता घेतला होता.
ज्वारी निम्मी. तेल नाही.
साबण पुढील सूचनेपर्यंत.
वाचायला अर्थात खातिर.
रिकाम्या पिंपावर चढून, हातात कर्णा :
'आम्हाला खेद आहे.'

'आम्ही कोण?' मागून एक बाई ओरडली.
'तू कधीपासून आम्ही?'
कुणीतरी चप्पल फेकली. गुडघ्याला लागली.

माझ्या भाषेत आम्ही वेगळं, आपण वेगळं.
आम्ही म्हणजे तुम्हाला सोडून.
आपण म्हणजे तुमच्यासकट.
पत्रात यातलं कुठलं होतं
ते लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसावं.
खातिर खाली उतरला, चप्पल झटकली,
'मागे द्या' म्हणून पहिल्या रांगेत दिली,
परत चढला
आणि दुसरा परिच्छेद वाचला.

संध्याकाळी कार्ड घेऊन तोही रांगेत.
मी मापानं ज्वारी घातली. मापाच्या मधोमध
नवीन रेघ मारलेली, मार्करनं, माझ्याच हातची.
'तुमच्याकडे काय म्हणतात,' त्यानं विचारलं,
'धान्य कमी पडलं की?'
म्हटलं, पोटाला चिमटा घेतात.
'कोण घेतं?'
'आपणच,'
म्हणाले, आणि जीभ चावली.

त्यानं पिशवीचं तोंड आवळलं.
मग त्याच्या भाषेत, मसालितमध्ये, काहीतरी बोलला.
छोटंसं. बहुधा स्वतःचं.
मधली खुर्ची तंबूत होती,
रिकामी.