सातवी रांग

सोहारच्या बाहेर, जिथे टँकर भर उन्हात रांग लावतात,
तिथे आम्ही शहराला त्याचंच पाणी परत करतो.

मेम्ब्रेन म्हणजे काय, आईने फोनवर विचारलं होतं.
म्हटलं, वस्त्रगाळ करतो गं, फक्त वस्त्र फार बारीक.
"मग धुवत जा वेळच्या वेळी," ती म्हणाली.
आमच्या चारशे पानी मॅन्युअलात याहून फारसं काही नाही.

रमजानात सूर्य बुडाला की तासा-दीड तासाने
समोशांचं तेल येतं, मसुराच्या सूपची साय,
वजूचं पाणी, मेंदीचं, पोरांच्या अंघोळीचं,
कॅम्पातल्या सहाशे ताटांचं खरकटं.
वाळूचा त्रास नाही. वाळू दिसते, वाळू बसते.
अडवतं ते हे, जे कधीतरी जिवंत होतं
आणि विरघळून आलंय,
चहाच्या तिसऱ्या पाण्याच्या रंगाचं.

छिद्रांत शिरतं. एकावर एक चढतं.
पाणी तेवढंच मिळतं, रोज तेवढंच,
फक्त दाब वाढवावा लागतो.
दर तासाला लिहितो : पॉइंट दोन. पॉइंट दोन. पॉइंट तीन.
मग उलटं पाणी सोडायचं. मग कॉस्टिक.
मग सायट्रिक, म्हणजे आईच्या ढोकळ्यातलं लिंबूसत्त्व, पिंपाने.
दाब उतरतो,
पण पहिल्या दिवसाच्या आकड्यावर येत नाही,
दर खेपेला थोडा वरच थांबतो.
त्या थोड्यासाठी झुवैना मॅडमकडे एक शब्द आहे,
आधी अरबीत सांगितला, मग इंग्रजीत.
मी मनात म्हटलं : मुरलेलं.

काल सातव्या रांगेतली नळी कापली.
रॉडेलने करवत धरली, मी बॅटरी.
आतले हजारो पोकळ दोरे, एके काळी शेवयांसारखे पांढरे,
आता तपकिरी, बुळबुळीत, एकमेकांना धरून बसलेले.
मॅडमनी खरवडून काट्यावर ठेवलं. एकतीस ग्रॅम.
"यात तूही आहेस," रॉडेल म्हणाला, "मीही."
हसावं म्हणूनच म्हणाला होता. कुणी हसलं नाही.

रस्त्याकडेच्या खजुरांना रात्री जांभळ्या नळ्यांतून पाणी गेलं,
शेजारी पाटी, पिऊ नये, चार भाषांत,
त्यात माझी नाही.

नवी नळी बसवली.
पहिल्या तासाचा आकडा लिहिताना पेन थांबलं.
इतका कमी दाब असतो,
हे विसरलोच होतो.

एकतीस ग्रॅम फ्रीजमध्ये आहेत, झिपच्या पिशवीत.
लेबलवर तारीख, रांग सात,
आणि नमुना घेणाऱ्याचं नाव : नि. केळसकर.