स्थिर जमीन

गुरुवार. पाषाणमध्ये पाणी बंद.
बाटल्या सकाळीच भरून आणल्यात
आणि स्क्रीनभर बर्फ.

दोन चित्रं, मधे एक वर्ष.
पहिल्यातला एक चौकोन उचलायचा,
एखादी भेग, मळकट कड, दगडांचा पट्टा,
आणि दुसऱ्यात शोधत बसायचं, कुठे गेला.
वाणी दोन पावत्या एकावर एक ठेवून
उजेडात धरतो, तेवढंच कोरडं काम.
सापडला. साडेतीन पिक्सेल, आग्नेयेला.
वर्षाला पस्तीस मीटर.
म्हणजे दिवसाला पाच बोटं.

नवा बर्फ पडलाय तिथे काहीच जुळत नाही.
तिथे नकाशात भोकं ठेवायची.

मी हिमनदी पाहिलेली नाही.
बर्फ पाहिलाय तो कर्वे रोडच्या रसवंतीवर,
गोणपाटात गुंडाळलेली लादी.
तीही सरकायची फळीवरून, ओल सोडत,
मालक सुट्टे मोजत असताना.

पण आधी, जे हलत नाही ते निवडायचं.
खडक, उतार, माणसांची जागा.
तिथे उत्तर शून्य यायला हवं.
येत नाही.
नदीच्या खालचा एक तपकिरी उतार
चार मीटर सरकलेला निघाला.

शेजारच्या खुर्चीतला रिग्झिन वाकला.
एम.एस्सी.चं दुसरं वर्ष, कानात एकच इअरफोन.
म्हणाला, हे तर आमचं गाव.
हे जवाचं शेत. ह्या ठिपक्यात आमचं घर असणार.
चार मीटर?
आणि हसत हसत त्याने घरी फोन लावला.

बराच वेळ त्याची भाषा,
पलीकडून एक बाई, मागे कुठेतरी कुकरची शिट्टी.

काय म्हणाली?

म्हणते, कुठल्या बाजूला सरकलं?
पाटाकडे सरकलं असेल तर बरंच झालं.

मी बाण पुन्हा पाहिला. वायव्येला.
पाट कुठेय?
त्याने बोट ठेवलं, उचललं,
पुन्हा जरा डावीकडे ठेवलं.
दोन हात रुंदीचा पाट. माझा पिक्सेल दहा मीटरचा.
इथेच आहे, म्हणाला,
यंदा पाणी उशिरा आलं त्याला.

त्याचा रकाना माझ्या तक्त्यात नाही.

संध्याकाळी ते चार मीटर
सगळ्या बर्फातून वजा केले.
कोपऱ्यातला नळ एकदा खाकरला, गप्प झाला.
शेवटची बाटली आम्ही अर्धी अर्धी प्यायलो.