जळकं तांबं

पहिल्यांदा आली तेव्हा वाटलं, पंप जळाला असेल.
भोसरीत माझ्या दुकानात बाई आली
की मागे रिक्षावाला वाकलेला असतोच, मोटार उचलून.
ही रिकाम्या हातांनी आली,
कोपऱ्यातल्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला,
म्हणाली, "हे काळं पडलेलं कसं किलो?"

मी म्हटलं, भंगाराचा भाव सांगू की हौसेचा?
हसली नाही. पोतं स्वतःच काट्यावर चढवलं.
पावतीवर नाव लिहिलं, सुमेधा ताम्हणे.
सतरा वर्षं झाली त्याला.

त्याआधी ती पुतळे करायची. अर्धेच, छातीपर्यंत.
माजी नगरसेवक, पतपेढीचे संस्थापक,
कुणाचे तरी कीर्तनकार सासरे.
फायबरवर ब्राँझचा रंग.
"टिचकी मारली की कळायचं, शकीलभाई, आत कोणी नाही."
एका संस्थापकाचा चेक परत आला,
त्या रात्री तिने साचे फोडले
आणि सकाळी वाघोलीच्या खाणीवर गेली.

दगड तोच, काळा.
आपल्या फरशीखाली, नळाच्या खड्ड्यात, मुठेच्या पात्रात
सगळीकडे तोच आहे, कोणी बघत नाही.
म्हणाली, हा एकेकाळी वाहत होता.
मी म्हटलं, असेल, तुम्ही शिकलेल्या.
"शिकलेलं राहू दे. हात लावा."
मे महिना, दुपारचे अडीच.
हात लावला आणि आईच्या नावाने ओरडलो.

मग एक पावसाळा कसब्यात तांबट आळीत जाऊन बसली.
परत आली ती बोटाला चिंधी बांधून:
ठोके मारा, तांबं ताठ होतं,
सगळा मार आत साठवतं.
तापवलं की विसरतं.
हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

एकदा विचारलं, मोटार जळते म्हणजे नेमकं काय जळतं?
मी म्हटलं, वॉर्निश जळतं ताई. तांब्याला काही होत नाही.
विजेला जायचं असतं, वाट अडली की ती तापते.
तिने वहीत लिहून घेतलं.
पुढे कुठल्याशा जर्मन गावात
ते वाक्य भिंतीवर लावलं होतं म्हणे,
खाली शकील मोमीन, वाइंडर, भोसरी.
फोटो पोराने मोठा करून दुकानात लावलाय,
गिऱ्हाईक विचारतं, इलेक्शनला उभे आहात का?

हिंजवडीच्या कंपनीच्या हिरवळीवर तिचा दगड आहे.
चार टन. तोंड पश्चिमेला.
अंगभर भोकं पाडून त्यांत माझं जळकं तांबं ठोकलेलं,
दोन दसऱ्यांमधला सगळा माल.
तीन महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं:
ऊर्जेवरचं शिल्प म्हणून पैसे दिले,
एकही दिवा लागत नाही, माणूस पाठवा.

तिने मला पाठवलं. वर म्हणाली, टेस्टर न्या.

जानेवारी. दहाची वेळ, तोंडातून वाफ.
टेस्टर लावला. अर्थातच काही नाही.
वळसा घालून मागे गेलो
तर वॉचमन, प्लॅस्टिकच्या खुर्चीत,
पाठ दगडाला टेकलेली,
पायाशी कुत्रं, तेही टेकलेलं.
उठायला लागला. मी म्हटलं, बसा.
मीही पाठ टेकली.
दुपार होती तिथे. सगळीच्या सगळी.

"दोनपर्यंत पुरतो हा," तो म्हणाला,
"मग गार पडतो. मग कुत्रं माझ्याकडे येतं."

कंपनीच्या रजिस्टरात मी लिहिलं,
तपासणी केली, काम चालू आहे. सही.

सकाळी तिला सगळं सांगितलं.
वाटलं, डोळ्यांत पाणी येईल, निदान चहा तरी सांगेल.
तिने वही उघडली.
"दोनपर्यंतच?
ड्यूटी कितीला सुटते त्याची?"
म्हटलं, सहाला.
पेन्सिल थुंकीने ओली करून ती आकडे मांडत बसली,
आणि मान वर न करताच म्हणाली,
"पोत्यात किती आहे आत्ता?"