पान अडतीस

माझं काम हसणं नव्हतं.
गळ्यात स्टॉपवॉच, मांडीवर वही,
आणि गोठू नये म्हणून काखेत धरलेली
शाईची दौत.
कोणाच्या पेल्यात किती वाइन उरली,
टोपी डावीकडे कलली होती की उजवीकडे,
मागच्या शॉटला मेणबत्ती वीतभर होती की बोटभर,
हे मी लिहून ठेवायचे.
सिनेमा तुकड्यातुकड्यांनी घेतात.
तो सलग वाटावा, यासाठी एक बाई लागते.

इमेरेतीतलं गाव, नोव्हेंबर.
सिनेमा विनोदी, प्रसंग मात्र
चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाचा:
मेलेल्याचा सावकार उठतो,
पेला उंचावतो,
आणि हुंदके देत थकबाकी मागतो.
सावकार म्हणजे ईपोलिते, नाटकातला जुना नट,
पाठांतर दगडावरच्या रेघेसारखं.

पहिला टेक: कुत्रं भुंकलं.
दुसरा: ढग आला.
तिसऱ्याला सगळं बिनचूक झालं
आणि कोणीही हसलं नाही.

चौथ्याला ईपोलिते उठला.
"देवाघरी गेलेल्या या सज्जनाकडे माझे..."
आणि थांबला.
आकडा गेला. दगडच गेला.
का, ते त्यानं कधीच सांगितलं नाही.
फिल्म मोजून मिळायची, ती घरघरत चालली होती,
एल्गुजा, आमचा दिग्दर्शक, मफलर चावत होता,
माझ्या घड्याळात
सात सेकंद, आठ, नऊ.

तेवढ्यात टेबलाच्या टोकाकडून एक हात आला.

बाबूत्साचा.
गर्दी भरायला बसवलेली गावातली म्हातारी,
रोज तीन रूबल आणि सूप.
मयत खोटा, सुतक खोटं,
ताटातली कोंबडीसुद्धा लाकडाची,
हे तिला कोणी सांगितलं होतं की नाही, कोण जाणे.
तिनं एप्रनच्या खिशातून मक्याची भाकर काढली, खरी,
मोडली,
आणि ईपोलितेच्या उघड्या तोंडात कोंबली.
"खा आधी. मेलेला कुठं पळून जातोय?"

ईपोलिते चावू लागला.
चावता चावता डोळे भरून आले
आणि भरल्या तोंडानं तो आकडा बोलला.
"किती?" विधवेनं विचारलं.
तो पुन्हा बोलला.
"किती?" आता अख्ख्या टेबलानं विचारलं.
त्यानं घास गिळला, श्वास घेतला, तोंड उघडलं,
तर बाबूत्साचा दुसरा घास तयार.

मी लिहिलं:
टेक चार. संवाद चुकला. भलताच हात चौकटीत.
कॅमेरा हलला (कॅमेरामन हसत होता).
निरुपयोगी.
एल्गुजानं वही ओढली
आणि शेवटच्या शब्दावर काट मारली.

पण नियम असा, की मंजूर पटकथेत जे नाही
ते पडद्यावर नाही.
म्हणून फेब्रुवारीतल्या एका रात्री
त्याच यंत्रावर, त्याच पिवळ्या कागदावर
पान अडतीस मी नव्यानं टाइप केलं.
तारीख घातली मागच्या एप्रिलची.
एक वृद्धा: खा आधी.
सावकार (चावत): अस्पष्ट.
विधवा: किती?
समितीनं समासात शेरा दिला, लाल पेन्सिलीनं:
"लेखकाला लोकजीवनाची उत्तम जाण."
लेखक खूश. त्याला बढती मिळाली.

आता विद्यार्थी येतात,
संग्रहातलं ते पान उजेडाला धरतात,
म्हणतात, काय नेमकं लिहिलंय,
एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं नाही.
मी चहा ओतते.

बाबूत्सानं सिनेमा गावच्या सभागृहात पाहिला.
लोक बाकांवरून खाली घसरत होते,
ती ताठ बसून होती.
बाहेर बर्फात माझा दंड धरून म्हणाली,
"दुसरा घास कुठं गेला?
एका घासानं काय होतं त्याचं?
उपाशीच ठेवलात की गं त्याला."

संकलनात गेला, म्हटलं नाही मी.
तो पडद्यावर नाही, पान अडतिसावरही नाही.
माझ्या वहीत आहे, काट मारलेल्या शब्दाच्या वर:
सेकंद एकतीस, उजवा हात,
भाकर, थोडी मोठी.