कडता

सतरा पानांचं बिल तात्यांनी लोखंडी कॉटवर पसरलं,
उडू नये म्हणून एका टोकाला अडकित्ता ठेवला,
दुसऱ्याला गोळ्यांची डबी,
तरी पंखा बंद करायला लावला मला, मे महिन्यात.

छत्तीस वर्षं मापाडी होते ते
तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात.
काट्यावरचा आकडा मोठ्यांदा म्हणायचे
आणि व्यापारी, हमाल, नाशकाकडून आलेला गाडीवाला
गप्प ऐकायचे.
आता म्हणतात,
"हातमोजे, बेचाळीस जोड."
मी गप्प ऐकते.
"पित्ताची पिशवी एक. हात चौऱ्याऐंशी."

बिल दोन लाख चौदा हजार आठशे साठ.
विम्याने मंजूर केले एक लाख ऐंशी हजार आठशे चाळीस.
मधले चौतीस हजार वीस
मी नेरुळच्या काउंटरवर तीन कार्डांत वाटून भरले.
तात्यांना एकच कार्ड सांगितलं.

पत्रात शब्द आहे, प्रमाणशीर कपात.
त्यासाठी प्रफुल्ल नावाच्या आवाजाशी
एकोणीस मिनिटं बोलले,
त्यातली अकरा मिनिटं संतूर वाजत होतं.
मॅडम, पॉलिसीत खोली दिवसाला चार हजारांची,
तुम्ही घेतली पाच हजारांची,
म्हणून सर्जन, भूल, नर्स, ऑपरेशन थिएटर,
सगळ्यातून पाचवा हिस्सा वजा.
मी म्हटलं, चार हजारांची रिकामी नव्हती,
रात्रीचा दीड वाजला होता,
त्यांचे डोळे हळदीसारखे झाले होते.
समजू शकतो, मॅडम.
समजू शकला असेलही.
दिवसभर न जेवलेल्या माणसाचा आवाज होता तो.

हे तात्यांना कसं सांगावं, जुळवत होते,
तर तेच म्हणाले, "कडता धरलाय."
ओला कांदा आला की गोणीमागं दोन किलो सोडायचे,
माती असली तर आणखी एक.
"पण कडता मालाला असतो गं.
बारदान भारीतलं हाय म्हणून
कांदा कमी धरत न्हाय कुणी."
मग सदरा वर करून
चार टाक्यांकडे बघत राहिले बराच वेळ.
"माझ्यात काय ओलं निघालं?"

मी तक्रार लिहायला घेतली.
त्यांची पेन्सिल पान अकरावर थांबली.
"रविवारी ती पोरगी आलती,
श्वास ओढून गोळे उचलायला शिकवणारी.
तिचे पैसे लावले न्हाईत."
शनिवारी साडेसहाशे. सोमवारी साडेसहाशे.
रविवार कोरा.
मी म्हटलं, तात्या, राहू द्या ना.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
काट्याला हळूच पाय लावणाऱ्याकडे
पाहत असतील तसं.

मंगळवारी आम्ही एनएमएमटीने नेरुळला.
काउंटरवरच्या ग्रीष्माने तीनदा विचारलं,
"काका, रिफंड हवाय?"
"न्हाय. देणं हाय."
तिने बरीच बटणं दाबली, आत जाऊन
कुणाला तरी विचारून आली.
"फाइल बंद झालीय. आता पैसे घेता येत नाहीत."
"चौतीस हजार घेताना उघडी होती," तात्या म्हणाले.
ती हसली नाही. टोकन सदुसष्ट पुकारलं गेलं.
साडेसहाशे रुपये परत पाकिटात घालताना
त्यांचा हात थरथरला,
राग होता की अशक्तपणा, कळलं नाही मला.

कंपनीचं उत्तर अजून आलेलं नाही.
एकवीस दिवस म्हणालेत, कामाचे.
डायरीत तात्यांनी लिहून ठेवलंय,
देणे: ६५०, रविवारची पोरगी.
नाव विचारायचं राहिलं.

खिडकीत ते यंत्र असतं, तीन गोळ्यांचं
(नग एक, आठशे दहा, विम्याने नामंजूर).
सकाळी ते नळी तोंडात धरतात, ओढतात.
पहिला वर जातो.
दुसरा वर जातो.
तिसरा आज अर्ध्यावर अडकून कापत राहिला.
तोंडात नळी, त्यामुळे त्यांना बोलता येत नाही.
आकडा मी म्हणते,
मोठ्यांदा.