सत्ताविसावा भाग

संध्याकाळी पावणेआठला,
बातम्या आणि थंडीचा इशारा संपला की
उलानबातरमधली एक बाई पंधरा मिनिटं वाचायची.
तिचं नाव सांगितलं असेल, तर आमच्या कानावर पडलं नाही.
तिचा खोकला ओळखीचा होता,
आणि पान उलटण्याआधी घेतलेला श्वास.

नमद्याचा आमचा तंबू गोबीच्या कडेला.
शेजार म्हणजे देम्बेरेल, घोड्यावरून दीड तास.
रेडिओची तार बाबांनी छताच्या झरोक्यातून काढून
बाहेरच्या गाडीच्या चाकाला बांधलेली.
वारा उत्तरेचा असला
की बाई शिट्ट्या मारत वाचायची.

पुस्तक टपाल नेणाऱ्या एका स्वाराचं होतं.
त्याचा घोडा पिवळट, एका कानाला चीर.
आम्ही चार भावंडं त्या घोड्यासाठीच ऐकायचो,
स्वाराचं लग्न होवो न होवो.

सेल संपत आले.
आईने ते शेगडीशेजारी ठेवले, मग काखेत धरले,
शेवटी धाकट्या नोरोवने दातांनी चावून
त्यांतून आणखी दोन भाग काढले.
सव्विसाव्याच्या शेवटी
नदीवरच्या बर्फाला तडा गेला,
घोड्याचे पुढचे पाय आत,
आणि बाईचा आवाज बारीक होत होत
कुठेतरी टेकडीमागे गेला.

त्या हिवाळ्यात गवतावर बर्फाचं कवच होतं, दगडासारखं.
जनावरं उभ्याउभ्या मरत होती.
बाबा मोजू द्यायचे नाहीत.
मोजलं की वाढतात, म्हणायचे.

तिसऱ्या दिवशी देम्बेरेल आला.
त्याच्याकडे सेल होते. त्याने ऐकलं होतं.
मिशांतलं बर्फ वितळेपर्यंत काही बोलला नाही.
आम्ही विचारलं, घोडा?
त्याने वाटी दोन्ही हातांत धरली,
शेगडीकडे बघितलं,
म्हणाला, वाचला.

मग सगळं सांगितलं.
स्वाराने कमरेचा पट्टा सोडून लगामाला कसा बांधला,
बर्फावर पालथा पडून कसा ओढला.
बाहेर आल्यावर घोड्याचे दात कसे वाजत होते,
स्वाराने अंगातला डगला काढून त्याच्यावर घातला,
नाकपुड्यांतले खडे बोटाने टिपले,
कानाच्या चिरेवर फुंकर घातली.
अर्धा तास लागला.
बाईने कधी एवढा वेळ घेतला नव्हता.
आई चहा ओतताना थांबली
आणि त्याला काहीही न विचारता
त्याच्या वाटीत लोण्याचा आणखी एक गोळा टाकला.

एका ट्रकवाल्याने सेल आणून दिले. तिसाव्या भागापासून पुन्हा बाई.
पण आता स्वार पायी चालत होता.
पाठीवर टपालाची थैली, वीस कोस, पायी.
नोरोवचा ओठ थरथरायला लागला. घोडा कुठाय?
देम्बेरेल हल्ली रोज ऐकायला यायचा,
परत जाण्याची त्याला घाई नसायची.
चरायला सोडलाय, तो म्हणाला.
पुस्तकवाले काय, सगळंच सांगत बसत नाहीत.

वसंतात बाबांनी त्याला अकरा मेंढ्या आणि एक घोडी दिली.
दिली असं म्हणाले नाहीत.
म्हणाले, इकडे गवत कमी पडतंय,
जरा चरायला घेऊन जा.

परवा इथल्या वाचनालयात ते पुस्तक सापडलं,
पुठ्ठा निसटलेला, कोणाच्या तरी चहाचा डाग.
सत्ताविसावा भाग जेमतेम चार पानांचा.
उभ्यानेच वाचला.
घोडा दुसऱ्याच ओळीत बुडतो.
उरलेली पानं स्वार काठावर बसून आहे.
चांगलं लिहिलंय, त्यात खोट काढता येणार नाही.

नोरोवला फोन लावला. तो खाणीवर डंपर चालवतो.
पुस्तक मिळालं, म्हटलं.
पलीकडे बराच वेळ नुसतं इंजिन.
मग त्याने विचारलं, घोडा?

मी म्हटलं,
अजून तिथवर पोचले नाही.