पान एकशे बारा

प्रकाशक पानामागे चार डॉलर देतो.
रीनोहून जाड पाकीट येतं,
पोकर शिकवणारं आणखी एक पुस्तक,
वर चिठ्ठी: व्हर्ना, आकडे तेवढे बघ,
मजकुराला हात लावू नकोस.

मी आकडे बघते.
लेखक म्हणतो, डाव जुळवणारी पंधरा पानं बाहेर असतील
आणि दोन उघडायची बाकी असतील
तर चारने गुणा. साठ टक्के. बिनधास्त लावा.
मी ओट्यावरची भांडी सरकवून गड्डी मांडते:
बदामाची नऊ, सलग ओळ पुरी करणारी आठ,
दोन पानं दोन्हीकडे आलीत, ती एकदाच धरायची.
न दिसलेली सत्तेचाळीस.
आधी दोन्ही वेळा हुकण्याचा हिशेब, मग तो शंभरातून वजा.
चोपन्न.
पुन्हा करते. चोपन्नच.
सहा टक्क्यांत माणसाचा ट्रक जातो.
विनेमकात दोघांचा गेलेला मी पाहिलाय,
एकाच्या ट्रकमध्ये कुत्रा झोपलेला होता.

मग नववं प्रकरण, समोरच्याचा हात ओळखा.
इथे आकडे नाहीत, म्हणजे मला पैसेही नाहीत.
हात थरथरला तर पानं भारी.
खालचा ओठ चावला तर घाबरलाय, पानं हलकी,
सोडू नका त्याला. पान एकशे बारा.
किती वेळा पाहिलं, कुणाचा ओठ, कुठल्या गावात,
काहीच नाही लिहिलेलं.

शनिवारी बास्क खानावळीच्या मागल्या खोलीत
पेयो एचार्टने ओठ चावला.
सत्तरी उलटलेला, मेंढ्यांमागे डोंगर झिजवलेला माणूस.
त्याचा हात तर सुपाच्या चमच्यालाही थरथरतो,
म्हणून हाताचं मी काही धरत नाही.
पण ओठ!
माझ्याकडे दोन राण्या, खाली सगळी बारकी पानं,
मधे नव्वद डॉलर, मला घालायचे तीस.
चारांत एकदा जरी तो थाप मारत असेल तर माझं फिटतं.
मी घातले.
त्याने दोन राजे उलटले,
एक किलवरचा, एक इस्पिकचा,
आणि ब्रेडचा तुकडा मोडला.

मला सांगितलं ते माय्ताने, बशा उचलताना.
त्यांच्याकडे मुस नावाचा खेळ असतो, जोडीने खेळायचा.
त्यात जोडीदाराला खूण करायला मुभा आहे.
दोन राजे असले की खालचा ओठ चावायचा,
दोन एक्के असले की जिभेचं टोक दाखवायचं.
खोटी खूण मात्र चालत नाही.
खोटी खूण करणाऱ्याला कुणी पुन्हा टेबलावर घेत नाही.
पेयो हे नवव्या वर्षी शिकला, शाळेच्या आधी.

म्हणजे तो ओठ आयुष्यभर खरंच बोलत आला होता,
आणि मी तो पुस्तकातून वाचत होते.

सोमवारी समासात पेन्सिलीने लिहिलं:
चोपन्न हवे. आणि पान एकशे बारा
सगळ्या ओठांना लागू नाही, कृपया तपासावे.
उत्तर आलं: चोपन्न केलं, आभार.
दुसरा मजकूर आहे, आकडा नाही.

पुढच्या शनिवारी बाहेर वाळूचा वारा.
पेयोने पानं उचलली, ओठ चावला,
तीस पुढे सरकवले.
माझ्याकडे या खेपेला दोन गुलाम.
त्या वाऱ्यात माझेही ओठ फुटले होते,
सगळ्यांचेच फुटले होते.
एका वेळेवरून नियम बांधू नये,
हे मीच लोकांच्या समासात लिहीत असते.

मी पानं टाकली.
त्याने त्याची न दाखवता गड्डीत मिसळली,
आणि पिसायला माझ्याकडे दिली.

वहीत तारीख घातली आहे.
पुढे पेयो, ओठ,
आणि एक रिकामा रकाना.